काट्यावर लोखंड म्हणून जाणारा धातू

प्रति,
ई-कचरा आणि खनिजांच्या पुनर्वापराचे नियम ठरवणारे सर्व अधिकारी,
केंद्रीय पर्यावरण मंत्रालय, खाण मंत्रालय आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ, नवी दिल्ली

महोदय, महोदया,
स. न. वि. वि.

भोसरी एमआयडीसीत माझा लहानसा गाळा आहे. जुने संगणक, प्रिंटर, सर्व्हर खोलून त्यांचा माल वेगवेगळा करायचा, हा आमचा धंदा. त्याआधी बरीच वर्षं पुण्यात तपकीर गल्लीत दुरुस्तीचं काम केलं. लोक दुरुस्त करून घ्यायचे थांबले आणि टाकून द्यायला लागले, तसा मीही दुरुस्ती सोडून खोलण्याकडे वळलो. पत्र मराठीत लिहितो आहे, कारण हिशेब मी मराठीत करतो. तुमच्याकडे भाषांतराला माणूस असेलच.

गाळ्यात शिरताना डाव्या हाताला एक निळं प्लास्टिकचं पिंप आहे. त्यात हार्डडिस्कमधून काढलेले, नियोडिमियम नावाच्या धातूचे चुंबक आहेत. ते पिंप गेली तीन वर्षं तिथून हललेलं नाही. तांब्याचा माल आठवड्यात जातो, मदरबोर्ड तर दारात गाडी उभी करून नेतात. चुंबकाला मात्र गिऱ्हाईक नाही. जो येतो तो म्हणतो, ‘काका, लोखंडात टाका की.’ म्हणजे मिक्स लोखंडाच्या भावात. मी टाकत नाही, म्हणून माझा पुतण्या मला हट्टी म्हणतो. माझ्या हट्टामागे काय आहे ते तुम्हाला सांगावं, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी तो चुंबक हातात घेऊन बघा. साडेतीन इंची हार्डडिस्कचं झाकण स्टार स्क्रूने बसवलेलं असतं. एक स्क्रू हमखास लेबलखाली लपवलेला असतो, तो सापडेपर्यंत नवा पोरगा झाकणाशी झटत बसतो. आत आरशासारखी तबकडी आणि कोपऱ्यात दोन पोलादी पट्ट्या. प्रत्येक पट्टीला चंद्रकोरीच्या आकाराचा, निकेलचा मुलामा दिलेला चकचकीत तुकडा चिकटवलेला. पट्टी व्हाइसमध्ये धरून पान्याने वाकवली की ‘टक’ असा आवाज होतो आणि तुकडा सुटतो. सुटला की तो मोकळा राहत नाही, लगेच व्हाइसला, पान्याला, नाहीतर दुसऱ्या चुंबकाला जाऊन बसतो. मधे बोट आलं तर काळंनिळं. म्हणून आमच्याकडे दोन चुंबकांमधे पुठ्ठा घालून ठेवायची पद्धत आहे. एका डिस्कमधले दोन्ही मिळून माझ्या काट्यावर पंधरा ग्रॅमच्या आसपास भरतात. त्यातला साधारण तीस टक्के भाग, म्हणजे साडेचार ग्रॅम, नियोडिमियम आणि त्याचे एकदोन भाऊबंद. उरलेलं बहुतेक लोखंड आणि एक टक्का बोरॉन.

त्या साडेचार ग्रॅमची गोष्ट मी हौसेने वाचली. शाळेत असताना मूलद्रव्यांच्या तक्त्याखाली दोन ओळी वेगळ्या छापलेल्या असायच्या. गुरुजी म्हणायचे, ‘त्या परीक्षेला येत नाहीत.’ पुढे पोटापाण्याचा धंदा त्याच ओळीतून निघाला.

हा धातू पहिल्यापासून दुसऱ्याच्याच नावावर राहत आला आहे. १८४१ साली स्वीडनमध्ये मोसांडर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने सेरियमच्या खनिजातून एक नवी ‘मृदा’, म्हणजे धातूचं ऑक्साइड, वेगळी काढली आणि तिला डिडिमियम म्हणजे जुळं असं नाव दिलं. लँथॅनम या धातूचं जुळं, असा त्याचा अर्थ. सगळ्यांनी ते मूलद्रव्य मानलं. मेंडेलीव्हने १८६९ मध्ये तक्ता मांडला, त्यातही डिडिमियमला स्वतःची जागा होती. प्रत्यक्षात ते मूलद्रव्य नव्हतंच. १८८५ मध्ये व्हिएन्नात कार्ल आउअर या सव्वीस वर्षांच्या तरुणाने डिडिमियमचं मीठ पाण्यात विरघळवून त्याचे स्फटिक पाडले, पुन्हा विरघळवले, पुन्हा पाडले. असं शंभराच्या वर वेळा केल्यावर एकीकडे हिरवं मीठ जमा झालं आणि दुसरीकडे जांभळट गुलाबी. हिरव्याचं नाव त्याने प्रासिओडिमियम ठेवलं, गुलाबीचं नियोडिमियम, म्हणजे नवं जुळं. चव्वेचाळीस वर्षं हे दोघे एकाच नावाखाली नांदत होते. रासायनिक दृष्ट्या ते इतके सारखे आहेत की आजही त्यांना वेगळं करायला द्रावकाच्या टाक्यांची शेकडो टप्प्यांची रांग लागते. चुंबकाच्या धंद्यात तर पुष्कळदा वेगळं करतच नाहीत, दोघांचं मिश्रणच वापरतात.

याच आउअरची दुसरी करामत आपल्या आजोबांनी पाहिली आहे. वरातीत डोक्यावर घेऊन चालायची ती गॅसबत्ती आठवा. तिच्यातलं पांढरं मँटल त्याचंच. नव्व्याण्णव टक्के थोरियमचं आणि एक टक्का सेरियमचं ऑक्साइड, हे प्रमाण त्याला १८९१ मध्ये सापडलं आणि युरोपभर गॅसचे दिवे लख्ख झाले. पानटपरीवरच्या लायटरमधला खडासुद्धा त्याचाच शोध. मँटलसाठी थोरियम काढल्यावर उरलेल्या मालाचं करायचं काय, या विवंचनेतून तो निघाला. भंगाराच्या धंद्यातल्या माणसाला हा गृहस्थ आपला वाटतो तो यामुळे.

मँटलच्या थोरियमसाठी मोनॅझाइट वाळू लागायची. ती आधी ब्राझीलहून येई. १९०९ मध्ये शोंबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत तेच पिवळसर दाणे दिसले. तोवर ती वाळू काथ्यातली घाण म्हणून झटकली जात होती. त्याने कन्याकुमारीजवळ मनवलकुरिची इथे कारखाना घातला. तिथली वाळू त्या काळी विकली गेली ती थोरियमसाठी. तिच्यातल्या नियोडिमियमला कुणी विचारत नव्हतं. ते उरलेल्या गाळात होतं.

स्वातंत्र्यानंतर सरकारने हे काम हातात घेतलं. १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्‌स ही कंपनी स्थापन झाली आणि केरळात अलुवा इथे मोनॅझाइटवर प्रक्रिया सुरू झाली. तिचं मुख्य कार्यालय मुंबईत प्रभादेवीला आहे. सिद्धिविनायकाला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, देव जाणे. आपल्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशात सुमारे १ कोटी ३१ लाख टन मोनॅझाइट आहे आणि त्यात ७२ लाख टनांवर दुर्मिळ मृदांची, म्हणजे नियोडिमियम आणि त्याच्या भाऊबंदांची, ऑक्साइड्स. महाराष्ट्राचं नावसुद्धा त्या राज्यांच्या यादीत आहे. ‘दुर्मिळ’ हे विशेषणच फसवं. पृथ्वीच्या कवचात नियोडिमियम शिशापेक्षा जास्त आहे. पण ते कुठे ढिगाने साचलेलं नाही, भाऊबंदांच्या गर्दीतून त्याला एकटं काढणं जिकिरीचं, आणि आपल्याकडे ज्या वाळूत आहे तिच्यात किरणोत्सर्गी थोरियम आहे. थोरियम म्हणजे अणुऊर्जेचे कायदे आले. त्यामुळे ती वाळू कुणीही उचलावी अशी सोय नाही. असू नये, हेही खरं. किनाऱ्यावरच्या माणसांनी किरणोत्सर्गी गाळाची किंमत का मोजावी?

धातू बनवायचं काम आणखी वेगळं. ऑक्साइड वितळलेल्या फ्लोराइडमध्ये, हजार अंशांच्या वर तापमान ठेवून, विजेने फोडावं लागतं. हाती आलेला चांदीसारखा धातू हवेत उघडा ठेवला तर काळवंडतो आणि त्याचे पापुद्रे सुटत जातात. ऑक्सिजनचा त्याला भलता सोस. हा सोस ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

उपयोग सांगायचे तर बरेच आहेत. काचेत घातला तर काच सूर्यप्रकाशात जांभळी आणि ट्यूबलाइटखाली निळसर दिसते. काच फुंकणारे कारागीर जो चष्मा लावतात त्यात तो ज्योतीचा पिवळा झगझगाट गिळतो. माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, वर्षाने पुन्हा धूसर दिसू लागलं, तेव्हा डॉक्टरांनी ‘याग लेझर’ मारून पाच मिनिटांत पडदा मोकळा केला. त्या लेझरच्या स्फटिकात हाच धातू असतो. पण हे सगळं मूठभर. खरा खप चुंबकात.

चुंबकाची कहाणी १९८३ ची. जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट, दोघे एकमेकांना न कळवता एकाच मिश्रधातूपाशी पोहोचले होते: नियोडिमियमचे दोन अणू, लोखंडाचे चौदा, बोरॉनचा एक. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पिट्सबर्गच्या परिषदेत दोन्ही बाजूंनी जाहीर केलं. त्याआधीचे जोरदार चुंबक समेरियम आणि कोबाल्टचे होते. १९७८ मध्ये आफ्रिकेतल्या झाईरमधल्या (आजच्या काँगोतल्या) लढाईने कोबाल्टचा भाव भडकला आणि सगळे लोखंडाकडे वळले. ज्या धातूला शंभर वर्षं कुणी विचारलं नव्हतं तो रातोरात मानकरी झाला. सागावांना त्यासाठी २०२२ मध्ये ब्रिटनचा क्वीन एलिझाबेथ पुरस्कार मिळाला. अमेरिकेचं काय झालं, तेही वाचण्यासारखं आहे. जनरल मोटर्सने चुंबकासाठी काढलेली मॅग्नेक्वेंच ही कंपनी १९९५ मध्ये विकली. घेणाऱ्यांत चिनी कंपन्या होत्या. पुढे कारखानाही तिकडे गेला. आज जगातलं दुर्मिळ मृदांचं शुद्धीकरण आणि या चुंबकांचं उत्पादन, दोन्हींत चीनचा वाटा नव्वद टक्क्यांच्या घरात आहे.

४ एप्रिल २०२५ ला चीनने सात धातूंवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवान्याची अट घातली. वर्तमानपत्रांनी ‘नियोडिमियम बंद’ असे मथळे दिले. त्या सातांत नियोडिमियम नव्हतंच. त्यात डिस्प्रोशियम आणि टर्बियम होते. मोटारीतला चुंबक तापला तरी टिकावा म्हणून त्यांची चिमूट घालतात. चिमूट अडली आणि सगळा चुंबक अडला. त्या पावसाळ्यात पुण्याच्या दुचाकी उद्योगातून जाहीरपणे सांगितलं गेलं की चुंबक नसल्याने इलेक्ट्रिक स्कूटरचं उत्पादन घटणार. मी ती बातमी पिंपाशेजारी बसून वाचली. त्या उद्योगाचं आकुर्डी इथून किती लांब, चाकण किती लांब, ते तुम्हाला नकाशात दिसेल.

माझ्या पिंपातला चुंबक जसाच्या तसा स्कूटरच्या मोटारीत बसत नाही, हे मला कळतं. आकार वेगळा, चिमूट वेगळी. पण त्यात धातू तोच आहे, तोही कुणीतरी आधीच खणून, शेकडो टाक्यांतून गाळून, विजेने फोडून तयार केलेला. हायड्रोजन वायूत ठेवला तर हा चुंबक फुगून आपोआप त्याची भुकटी होते, आणि त्या भुकटीपासून पुन्हा चुंबक दाबता येतो. इंग्लंडात बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या लोकांनी हे करून दाखवलं आहे. वाळू नको, थोरियम नको.

आता तुमच्याकडे येतो.

ई-कचरा नियम २०२२ चे, १ एप्रिल २०२३ पासून लागू. त्यात ईपीआरची, म्हणजे मालाच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर टाकण्याची, पद्धत अशी की कंपन्यांनी जितका माल बाजारात आणला त्याच्या प्रमाणात पुनर्चक्रण झाल्याची प्रमाणपत्रं नोंदणीकृत रिसायकलरकडून विकत घ्यायची. ही प्रमाणपत्रं ज्या धातूंसाठी निघू लागली ते चार: सोनं, तांबं, ॲल्युमिनियम, लोखंड. पद्धत वाईट नाही. तांब्याचे तुकडेसुद्धा आता कुणी फेकत नाही. पण ज्याचं प्रमाणपत्र नाही त्याला वालीही नाही. एका मोठ्या रिसायकलरच्या खरेदी विभागात मी चुंबकाचा नमुना घेऊन गेलो होतो. तिथल्या मॅडमनी तो हातात घेतला, तो त्यांच्या स्टेपलरला जाऊन चिकटला, त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘चांगला माल आहे हो, पण ह्याचं सर्टिफिकेट बनत नाही. लोखंडात धरू का?’ त्यांची चूक काहीच नव्हती.

लोखंडात धरलं की काय होतं ते सांगतो. चुंबक पत्र्याच्या भंगाराला चिकटून जालन्याच्या भट्टीत जातो. ऑक्सिजनचा सोस मघाशी सांगितला, तो इथे नडतो. पोलाद वितळताना नियोडिमियम ऑक्सिजन ओढून घेतं आणि स्लॅगमध्ये, म्हणजे वर येणाऱ्या मळीत, जाऊन बसतं. तो स्लॅग भरावात पडतो. तिथून ते परत काढणं कुणालाच परवडायचं नाही. बोर्डातलं सोनं तांब्याच्या भट्टीत गेलं तरी तांब्याबरोबर खाली येतं आणि पुढे वेगळं काढता येतं. याचं तसं नाही. म्हणून याला भट्टीच्या आधीच, हाताने, माझ्यासारख्याच्या टेबलावर वेगळं करावं लागतं. दुसरी वेळ नाही.

३ सप्टेंबर २०२५ ला मंत्रिमंडळाने महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्चक्रणासाठी १,५०० कोटींची योजना मंजूर केली. त्यातला एक तृतीयांश वाटा लहान आणि नव्या उद्योगांसाठी राखलेला वाचून मी पेढे आणले. मग बारकाईने वाचलं. प्रोत्साहन प्रत्यक्ष धातू काढणाऱ्याला आहे. मी धातू काढत नाही, चुंबक काढतो. पेढे खाऊन झाले होते. पुढे २६ नोव्हेंबरला चुंबकांच्या कारखान्यांसाठी ७,२८० कोटींची योजना आली, वर्षाला ६,००० टन चुंबक बनवायची. उत्तमच झालं. पण ६,००० टनांना तीस टक्क्यांच्या हिशेबाने १,८०० टन धातू लागणार, आणि आपल्या वाळूतून आज निघतो तो त्या मानाने थोडा आहे. बाकीचा कुठून आणायचा ते ठरवताना माझं पिंपही मोजा, एवढंच म्हणणं. माझ्या एकट्याच्या पिंपाने काही होणार नाही. अशी पिंपं भोसरीत, भिवंडीत, दिल्लीच्या सीलमपूरला, मुरादाबादला, जिथे जिथे असं खोलकाम चालतं तिथे असू शकतात. आज ती नाहीत, कारण माझ्याइतके हट्टी लोक कमी आहेत.

म्हणून पहिलं मागणं सरळ आहे. त्या यादीत पाचवा धातू घाला. नियोडिमियमचं प्रमाणपत्र निघू द्या. भाव आपोआप माझ्या टेबलापर्यंत येईल, मला अनुदान नको.

दुसरं हार्डडिस्क चिरडण्याबद्दल. बँका आणि कार्यालयं जुन्या डिस्क देतात त्या ‘अख्खी चिरडून द्या, फोटो काढून द्या’ या अटीवर. माहिती बाहेर जाऊ नये ही काळजी रास्त आहे. पण माहिती तबकडीवर असते, चुंबकावर नसते. अख्खी डिस्क श्रेडरमध्ये घातली की चुंबक काचेसारखा फुटतो, त्याचा चुरा यंत्राच्या आतल्या भिंतींना आणि लोखंडाच्या तुकड्यांना असा बसतो की खरवडूनही निघत नाही. एका कार्यालयाच्या साहेबांना मी त्यांच्यासमोर खोलून, तबकडी वेगळी चिरडून दाखवायची तयारी दाखवली. ते म्हणाले, ‘नियमात चिरडणे लिहिलंय, खोलणे लिहिलेलं नाही.’ मग शंभरावर डिस्क मी निमूट चिरडल्या. तुम्ही एक ओळ लिहिलीत की आधी चुंबक काढून घ्यावा आणि तबकडी चिरडावी, तर हा वाद मिटेल. एका डिस्कला चार मिनिटं लागतात, तरबेज हाताला तीन.

तिसरं, वस्तूवर खूण हवी. चुंबक दिसला म्हणजे तो नियोडिमियमचा असतोच असं नाही. स्पीकरच्या मागचा काळा, खडूसारखा तुटणारा गोल चुंबक फेराइटचा, त्यात हा धातू नाही. विजेची बचत करणारे नवे पंखे येतात, त्यांतल्याही पुष्कळांत फेराइटच निघतं. पण इलेक्ट्रिक स्कूटरच्या चाकातल्या मोटारीत, इन्व्हर्टर एसीच्या काही कंप्रेसरमध्ये हा असतो, तोही डिस्कच्या कितीतरी पट वजनाचा. बाहेरून कळायला मार्ग नाही. एसीच्या कंप्रेसरचं जाड कवच गॅसने कापायला अर्धा तास घालवायचा आणि आत फेराइट निघालं की दिवस फुकट. कवचावर एक अक्षर छापायला कंपनीला काही पडत नाही. स्कूटरची पहिली खेप भंगारात यायच्या आत हे झालं तर बरं.

आणि एक सुरक्षेचं, कारण हे काम वाढलं तर पोरं जखमी होतील. आमच्याकडे एकाने चुंबकाचा कोपरा काढायला ग्राइंडर लावला होता. याची भुकटी हवेत पेट घेते. ठिणग्यांनी खालचा चुरा धुमसायला लागला, पुठ्ठे पेटले. कुणीतरी कोरडी वाळू ओतली म्हणून निभावलं, भुवया तेवढ्या गेल्या. चूक माझी, मी सांगून ठेवायला हवं होतं. जिथे आपण आयटीआयमध्ये वायरमन आणि फिटर शिकवतो तिथे आठ दिवसांचं हे शिक्षणही द्या: काय खोलायचं, काय कापायचं नाही, आणि तीनशे वीस-तीस अंशांवर तापवून चुंबकाची ओढ कशी मारायची, म्हणजे तो निवांत पोत्यात भरून पाठवता येईल. ओढ मेली तरी धातू जात नाही.

तुमच्यापैकी कुणी पुण्यात आलात तर गाळा बघायला जरूर या. पिंप अजून तिथेच आहे, भरत आलं आहे. येताना एटीएम कार्ड आणि हातातलं चावीचं घड्याळ गाडीत ठेवा. कुणाला पेसमेकर बसवलेला असेल तर त्यांनी दाराबाहेरच थांबावं. त्यांच्यासाठी मी खुर्ची आणि चहा बाहेर पाठवीन, आणि चुंबक फोटोत दाखवीन.

आपला,
भोसरीतला एक खोलकाम करणारा